तलवारीच्या आखाड्याची पारख

नवी दिल्लीतील लक्ष्मीबाई नगर ही केंद्र सरकारच्या नोकरवर्गाची वसाहत होय. मोरोपंत तांबे यांची जी कन्या ब्रह्मावर्तास नानासाहेबांच्या सहवासात तलवार चालवावयास शिकली, तिचेच नाव ह्या वस्तीस दिलेले आहे. अशा वसाहतीत बदलीवर आलेल्या एखाद्या मराठी गृहस्थाच्या दहा वर्षांच्या मुलीने तलवारबाजी शिकण्याचा हट्ट धरला, तर त्याने काय करावे? शाळेची चौकशी शेजाऱ्यांपाशी करता येते, दवाखान्याचीही करता येते. पण जेथे मुले एकमेकांच्या अंगावर पोलादी पाते रोखतात, ते ठिकाण चांगले की वाईट हे शेजाऱ्यास तरी कसे कळावे? तलवारबाजीच्या क्लबांना गुणवत्तेची अधिस्वीकृती देण्याचा प्रश्न येथूनच उभा राहतो.

आपल्याकडे पूर्वी ही पारख गावच करीत असे. लाठी, फरीगदगा, दांडपट्टा शिकविणारा वस्ताद साऱ्या पेठेच्या ओळखीचा असे. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात प्रा. माणिकरावांनी ह्या विद्येला शिस्त दिली. अमरावतीस वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान आखाड्याचा पाया घातला आणि पुढे त्याच्या पथकाने १९३६ साली बर्लिनपर्यंत भारतीय व्यायामप्रकार नेले. ह्या संस्थांना कोणी दर्जाचा दाखला दिला नव्हता. लोकांच्या डोळ्यांसमोर चालणारे काम हाच त्यांचा दाखला. परंतु बदलीच्या वसाहतीत दर तीन-चार वर्षांनी शेजार पालटतो, आणि तेथे ही लोकसाक्ष उरत नाही.

शिवाय आधुनिक तलवारबाजीतील धोका नवख्यास दिसत नाही. फॉइल, एपी आणि सेबर ही तिची तीन शस्त्रे. एपीचे वजन ७७० ग्रॅमहून कमी असावे लागते, फॉइल व सेबरचे ५०० ग्रॅमहून कमी. म्हणजे शस्त्र हलके, आणि खेळाडू पांढऱ्या पोशाखात नखशिखांत झाकलेला. पाहणाऱ्यास वाटते, ह्यात भय ते कसले? पण १९८२ साली रोम येथे जागतिक स्पर्धेत व्लादिमीर स्मिर्नोव्ह ह्या ऑलिंपिक विजेत्याच्या प्रतिस्पर्ध्याचे पाते लढतीत मोडले आणि त्याचे टोक मुखवट्याची जाळी भेदून आत गेले. काही दिवसांनी स्मिर्नोव्ह मरण पावला. त्यानंतर पात्यांचे पोलाद, मुखवटे व अंगरखे ह्यांचे नियम कडक झाले. मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठीच्या अंगरख्याने ८०० न्यूटन जोर सोसला पाहिजे, तर मुखवट्याच्या गळपट्टीने १६००.

हे नियम स्पर्धेच्या दारात पाळले जातात, कारण तेथे तपासनीस बसलेला असतो. क्लबातील रोजच्या संध्याकाळी तो नसतो. तेथे सामायिक पेटीतला मुखवटा दहा मुलांच्या डोक्यावर चढतो, घामाने त्याची जाळी गंजते. वाकवून वाकवून पात्याला सूक्ष्म चीर पडते. मोडलेले पाते टाकून द्यावयाचे की घासून पुन्हा वापरावयाचे, हा निर्णय प्रशिक्षक खर्चाकडे पाहून करतो. अधिस्वीकृतीने डोकावयाचे असेल तर ह्या पेटीत.

दुसरी बाब अधिक नाजूक आहे. तलवारबाजीत शिक्षक विद्यार्थ्याला एकट्याने धडा देतो. हात धरून, खांदा वळवून पवित्रा बसवितो. कलेची ती गरजच आहे. पण म्हणूनच धडा उघड्या दालनात व्हावा, मुलींच्या वर्गात स्त्री-सहायिका असावी, तक्रार कोणाकडे न्यावयाची ते मुलांना ठाऊक असावे. २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याने अशा अपराधाची माहिती पोलिसांस देणे सर्वांवर बंधनकारक केले आहे. क्लबाच्या कार्यकारिणीस ह्याची जाणीव आहे काय, हे विचारणे म्हणजे कोणावर संशय घेणे नव्हे.

इंग्लंडात २००२ साली 'क्लबमार्क' नावाची योजना निघाली, ती ह्याच धोरणाने. खेळाचा कार्यक्रम व कारभार ह्यांच्या बरोबरीने बालकांचे रक्षण आणि सर्वांना समान प्रवेश ह्या गोष्टी तिने कसोटीस लावल्या. किती पदके मिळविली हा तिचा मुख्य प्रश्न नव्हता, आणि ते योग्यच होते. पदके पुष्कळदा आधीच तयार झालेली मुले गोळा करूनही मिळतात.

आपल्याकडे 'खेलो इंडिया' योजनेत अकादमींना अधिस्वीकृती देण्याची तरतूद झाली. निवडलेल्या खेळाडूसाठी वर्षाला ६ लाख २८ हजार रुपये आणि त्यातच दरमहा १० हजारांचा हातखर्च ठरला. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने खेळाडूंच्या सुरक्षिततेचा विषय राष्ट्रीय संघटनांच्या दारी नेला. दोन्ही पावले स्वागतार्ह आहेत. मात्र त्यांची नजर वरून खाली येते, आणि वस्तीतल्या क्लबापर्यंत पोहोचता पोहोचता ती मंदावते. त्या क्लबापाशी बहुधा संस्था-नोंदणीचा कागद तेवढा असतो. तो कागद संस्था अस्तित्वात आहे इतकेच सांगतो. तेथे मूल सुरक्षित आहे, असे तो सांगत नाही.

येथे एक सावधगिरी हवी. भवानी देवी ही चेन्नईची मुलगी २०२१ साली टोकियोस गेली, आणि ऑलिंपिकमध्ये तलवारबाजी खेळणारी ती पहिली भारतीय ठरली. तिचा आरंभीचा सराव वेळूच्या काठ्यांनी झाला, कारण विजेची शस्त्रे महाग होती. कसोटी जर भारी सामान व चकचकीत दालनच मोजू लागली, तर असला गरीब पण प्रामाणिक वर्ग पहिल्याच तपासणीत बाद होईल. काठीने शिकविणे हा दोष नाही. गंजक्या मुखवट्यावर खरे पाते चालविणे हा आहे. तपासणीचे शुल्क लहान क्लबास झेपेल इतके असावे, तपासनीसाने न कळविता यावे, आणि दिलेली मान्यता ठरावीक मुदतीने आपोआप संपावी. सरकारी कचेरीतल्या माणसास निराळे सांगावयास नको की, मुदत नसलेला दाखला भिंतीवर चौकटीत जातो आणि तेथेच राहतो.

तोवर लक्ष्मीबाई नगरातील त्या गृहस्थाने मुलीचे नाव घालण्यापूर्वी एखाद्या संध्याकाळी तासभर बसून पाहावे. मुखवटे हातात घेऊन जाळी अंगठ्याने दाबून पाहावी. शिक्षकाचे शिक्षण कोठे झाले, तो नसेल तेव्हा वर्ग कोण घेतो आणि गेल्या वर्षी किती मुले सोडून गेली, हे विचारावे. ह्यांपैकी शेवटच्या प्रश्नाला शिक्षक काय उत्तर देतो, ते विशेष लक्ष देऊन ऐकावे.