एकदम तीन दिवे लागले तर

क्लचचं काम करून आणलेल्या गाडीत एबीएस, एअरबॅग आणि पॉवर स्टिअरिंगचे दिवे एकदम लागले, तर तीन पार्ट एकाच दिवशी गेले असं सहसा नसतं. गिअरबॉक्स उतरवताना सोडलेली अर्थिंगची पट्टी नीट आवळली नसावी, हा पहिला संशय. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या मायनस टर्मिनलवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर धरा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं, तर अर्थिंग कच्चं आहे. बॅटरीही त्याच मीटरने तपासा: चार्ज झालेली बॅटरी इंजिन बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. स्कॅनरवरचे कोड पुसण्याआधी लिहून घ्या. ते पुसण्यात काही मेकॅनिक फार तत्पर असतात.