हरिहरेश्वरचा कातळ आणि भूविज्ञानाचे पहिले वर्ष

भूविज्ञानाच्या पहिल्या वर्षी बेसाल्ट, म्हणजे लाव्हारस थंड होऊन बनलेला काळा अग्निजन्य खडक, वर्गातील नमुन्यांवरून शिकवला जातो. परंतु सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या त्या लाव्हाथरांवर समुद्राने काय केले, हे रायगडच्या किनाऱ्यावर गेल्याखेरीज खऱ्या अर्थाने उमगत नाही. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणामार्गावर ओहोटीला उघडा पडणारा तरंगघर्षित मंच, म्हणजे लाटांनी कड्याचा पायथा झिजवून घडवलेला सपाट कातळ, आणि खाऱ्या पाण्यातील मिठाचे स्फटिक वाढताना खडकाचे कण सुटून पडलेली जाळीदार छिद्रे विद्यार्थ्याने भरतीची वेळ सांभाळून अवश्य निरखावीत. याच किनाऱ्यावरील अलिबागची चुंबकीय वेधशाळाही पाहण्याजोगी आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असल्याने कुलाब्यातील भूचुंबकीय नोंदी बिघडण्याची शक्यता ओळखून १९०४ मध्ये ती येथे सुरू झाली.