दुधाळ्याची नळी : पातळ पत्र्याचा गोलपणा

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात, दुधाळा गावाच्या परिसरात उभारली जात असलेली ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा खगोलशास्त्राचा विषय म्हणून ओळखली जाते. परंतु या वेधशाळेचा आकाराने सर्वांत मोठा भाग म्हणजे पातळ पोलादी पत्र्याची नळी आहे, आणि ती न पिचता गोल कशी राहील हा तिच्या बांधणीतला मूळ प्रश्न, फ्रीज दुरुस्त करणाऱ्या कारागिराला तांब्याची नळी वाकवताना पडतो त्याच जातीचा आहे.

नळी वाकवली की वळणाच्या बाहेरच्या अंगाचा धातू ताणला जातो आणि आतल्या अंगाचा दाबला जातो. ताण आणि दाब या दोहोंचा रोख वळणावर नळीच्या मध्याकडे असल्यामुळे गोल छेद चपटा होऊ लागतो, आणि चपट्या झालेल्या जागी नळीचा वाकण्याला होणारा विरोध घटल्यामुळे पुढचे सारे वाकणे तिथेच गोळा होऊन चुणी पडते. पातळ भिंतीच्या नळीचा हा स्वभाव ब्रेझियर या संशोधकाने १९२७ मध्ये गणिताने मांडला. कारागिरांनी मात्र त्यावरचे उपाय अनुभवातून शोधलेले होते. नळीवर स्प्रिंग चढवून वाकवणे, व्यासाच्या मापाची खाच असलेल्या चाकाभोवती नळी फिरवणे, किंवा लोखंडी नळीत कोरडी वाळू ठासून, दोन्ही तोंडांना बूच मारून ती तापवून वाकवणे, या तिन्ही रीतींचा हेतू एकच, की छेदाला चपटे व्हायला जागा मिळू नये. वाळू कोरडीच लागते, कारण ओल राहिली तर तापवताना तिची वाफ होऊन बूच उडते आणि कारागिराच्या जिवावर बेतू शकते.

फ्रीजसाठी वापरल्या जाणाऱ्या साध्या तांब्याच्या नळीचा व्यास भिंतीच्या जाडीच्या सुमारे बारापट असतो. अमेरिकेत हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन येथे असलेल्या लायगो वेधशाळांच्या नळीचा व्यास सुमारे १.२४ मीटर आणि भिंत जेमतेम ३.२ मिलिमीटर, म्हणजे हे प्रमाण चारशेपटीच्या आसपास जाते. अशा दोन नळ्या काटकोनात, प्रत्येकी ४ किलोमीटर लांब, लेसर किरणाच्या वाटेवर बसवलेल्या असून त्यांच्यातील हवा जवळजवळ पूर्णपणे काढून टाकलेली असते, कारण उरलेले वायूचे रेणू किरणाच्या वाटेत आले तर अतिसूक्ष्म मापनात गोंधळ होतो. १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली गुरुत्वीय लहर टिपली गेली ती याच नळ्यांमधून धावणाऱ्या प्रकाशामुळे. दुधाळ्याची वेधशाळाही ४ किलोमीटरच्या दोन भुजांचीच असेल. केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला २०१६ मध्ये तत्त्वतः आणि ६ एप्रिल २०२३ रोजी सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह मंजुरी दिली असून, पुण्याचे आयुका, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था, इंदूरचे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आणि मुंबईचे अणुऊर्जा विभागाचे बांधकाम संचालनालय या चार संस्थांवर तिची जबाबदारी आहे. मापनयंत्राचे बरेच भाग अमेरिकेकडून येणार असले, तरी इमारत आणि निर्वात यंत्रणा भारतानेच उभी करायची आहे, आणि म्हणून ही नळी आपली आहे.

नळी रिकामी केली की बाहेरची हवा तिच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १० टन भार टाकते. एका भुजेच्या पृष्ठभागाचा हिशेब केला तर हा आकडा दीड लाख टनांच्या घरात जातो. सर्व बाजूंनी सारखा असलेला हा दाब पत्र्याला चिरडत नाही, तो त्याच्या गोलपणातील किंचित उणीव हेरून तिथून त्याला आत ढकलतो. नळी पिचण्यासाठी लागणारा दाब जाडी आणि व्यास यांच्या गुणोत्तराच्या घनाप्रमाणे बदलतो, म्हणजे जाडी दुप्पट केली तर नळी आठपट दाब सोसते. या सूत्रानुसार वरील मापाची लांबलचक, निराधार नळी हवेच्या दाबाच्या दहाव्या हिश्श्यालाही टिकणार नाही. जाडी वाढवून हा प्रश्न सुटला असता, पण सध्याच एका भुजेला सुमारे ४०० टन पोलाद लागते, ते तिपटीने वाढले असते. त्याऐवजी नळीवर ठरावीक अंतराने बाहेरून कडी जोडली जातात. दोन कड्यांमधला पत्रा आता लांब नळीसारखा वागत नाही, कारण कडे त्याला चपटे होऊ देत नाही. कारागिराची स्प्रिंग आणि हे कडे यांचे काम एकच आहे.

ही नळी घडते तीही वाकवूनच. अमेरिकेतील नळ्यांसाठी स्टेनलेस स्टीलच्या गुंडाळीवरचा पत्रा आधी भट्टीत दीर्घकाळ तापवून त्यात मुरलेला हायड्रोजन बाहेर काढला गेला, नाहीतर तो वायू पुढे वर्षानुवर्षे निर्वात पोकळीत झिरपत राहिला असता. मग पट्टी रुळांमधून तिरकी सारत मळसूत्री वळणाने गोल केली गेली आणि कडेला कड लागताच सांधा वितळवून जोडला गेला. पट्टीचा तिरकेपणा बदलला की त्याच रुंदीच्या पट्टीतून वेगळ्या व्यासाची नळी निघते, म्हणून हा कोन काटेकोर सांभाळावा लागतो. दाब सुटताच धातू थोडा मागे उसळतो. स्टेनलेस स्टीलमध्ये ही उसळी अधिक असल्याने रूळ हव्या त्या गोलाईपेक्षा जास्त घट्ट लावावे लागतात. सुमारे २० मीटरचा प्रत्येक तुकडा हेलियम वायूने गळतीसाठी तपासला गेला. मराठवाड्यातील आयटीआयमध्ये फिटर आणि वेल्डरचे शिक्षण घेणाऱ्या मुलामुलींना कृष्णविवरांइतकीच ही कथाही सांगितली गेली पाहिजे, कारण ती त्यांच्या हातातल्या कामाची कथा आहे.

नळीत चुण्या मुद्दाम पाडलेल्या जागाही आहेत. जागेवर बसवल्यावर नळीतूनच मोठा वीजप्रवाह सोडून ती सुमारे १५० अंश सेल्सिअसपर्यंत काही आठवडे तापवली जाते, म्हणजे भिंतीला चिकटलेली पाण्याची वाफ सुटून पंपाकडे जाते. एवढ्या तापमानाला ४० मीटरचा तुकडा ८ ते ९ सेंटीमीटर लांबतो. ही वाढ सामावण्यासाठी ठरावीक अंतरावर वळ्यावळ्यांचे लवचीक सांधे बसवलेले असतात, ज्यांच्या घड्या वाजवी मर्यादेत दबतात आणि पुन्हा उघडतात. हिंगोलीत उन्हाळ्यात पारा ४० अंशांपुढे जातो, तेव्हा नळीवरच्या काँक्रीटच्या आच्छादनाचे आणि या सांध्यांचे काम रोजचेच असेल. नळी मात्र लांबीत कुठेही वाकता कामा नये, कारण प्रकाश सरळ जातो आणि जमीन वळते; ४ किलोमीटरच्या अंतरात पृथ्वीचा पृष्ठभाग त्या सरळ रेषेपासून एक मीटरहून अधिक खाली जातो, आणि नळीखालच्या पायाला ती तूट भरून काढावी लागते.