लाल सेनेला कोणी मारले?

२८ सप्टेंबर १९७७ची गोष्ट. पॅरिसहून टोकियोला निघालेले जपान एअर लाइन्सचे एक विमान मुंबईला उतरले, घटकाभर विसावले आणि पुन्हा आकाशात झेपावले. विमानात दीडशेच्या वर माणसे होती. मुंबई मागे पडते न पडते तोच पाच हत्यारबंद जपानी तरुण जागेवरून उठले आणि विमानाचे तोंड ढाक्याकडे वळले!

हे तरुण ‘जपानी लाल सेने’चे होते. त्यांनी ६० लाख डॉलर मागितले आणि जपानच्या तुरुंगांतील नऊ कैद्यांची सुटका मागितली. पंतप्रधान ताकेओ फुकुदा यांच्यापुढे मोठा पेच पडला. एका माणसाच्या जिवाचे मोल साऱ्या पृथ्वीहून अधिक आहे, असे म्हणून त्यांनी मागणी मान्य केली. नवांपैकी तिघांनी येण्याचे नाकारले. उरलेले सहा जण आणि डॉलरच्या थैल्या दुसऱ्या विमानाने ढाक्याला पोचल्या. दैवाचा खेळ असा, की २ ऑक्टोबरला ही देवघेव चालू असतानाच बांगलादेशाच्या हवाई दलात बंड उसळले. तरीही ओलीस वाचले. शेवटचे ओलीस अल्जीरियात सुटले आणि पळवणारेही मोकळेच निघून गेले.

जपानच्या कायदेमंत्र्यांनी राजीनामा दिला. दहशतीपुढे मान तुकवली, अशी टीका जगभर झाली. टीका करणे सोपे असते. पण ज्याची आई त्या विमानात बसली होती, त्याला विचारा!

पुरते दोन आठवडेही लोटले नव्हते, तोच पश्चिम जर्मनीवर तशीच वेळ आली. तेथील ‘रेड आर्मी फॅक्शन’चे कैदी सोडवण्यासाठी १३ ऑक्टोबरला लुफ्तान्साचे विमान पळवले गेले. पळवणाऱ्यांनी वैमानिकाला ठार केले. जर्मनीने मात्र नमते घेतले नाही. १८ ऑक्टोबरला सोमालियातील मोगादिशूच्या विमानतळावर जर्मन कमांडोंनी छापा घातला आणि सर्व ८६ ओलिसांना सोडवले.

एकाने पैसे मोजले, दुसऱ्याने बंदूक उचलली. आज या दोन्ही संघटना नामशेष झाल्या आहेत. मग त्यांना मारले कोणी? फुकुदांच्या दयेने, की जर्मनांच्या गोळीने? उत्तर या दोन्हींत नाही.

एक कारकून तरुणी

फुसाको शिगेनोबू ही जपानी लाल सेनेची संस्थापक. सोया सॉस बनवणाऱ्या कंपनीत दिवसा नोकरी करायची आणि रात्री कॉलेजात शिकायचे, असा तिचा दिनक्रम होता. फीवाढीविरुद्धच्या विद्यार्थी आंदोलनात ती ओढली गेली, तेथून क्रांतीच्या स्वप्नात शिरली आणि १९७१ साली लेबनॉनला पोचली. मागे जपानात राहिलेल्या साथीदारांपैकी काहींनी त्या हिवाळ्यात डोंगरातील तळावर, पुरेसे क्रांतिकारक नाहीत म्हणून, आपल्याच बारा सोबत्यांचे बळी घेतले. त्या बळींत फुसाकोची एक जिवलग मैत्रीणही होती.

३० मे १९७२ रोजी इस्राएलच्या लोद विमानतळावर तीन जपानी तरुण उतरले. त्यांतला एक फुसाकोचा नवरा होता. व्हायोलिनच्या असाव्यात तशा पेट्यांतून त्यांनी बंदुका काढल्या. २६ माणसे मेली. त्यांपैकी १७ जण पोर्तो रिकोहून तीर्थयात्रेला आलेली साधी माणसे होती. ज्या अन्यायाचा सूड घ्यायचा म्हणून हे तरुण आले होते, त्याच्याशी या यात्रेकरूंचा काय संबंध?

बांडगुळाचे बळ

बंदूक विकत मिळते. पण संघटना बंदुकीवर चालत नाही. संसाराला काय काय लागते हे गृहिणीला ठाऊक असते. छप्पर लागते, किराणा लागतो, अडीअडचणीला शेजार लागतो. दहशतीच्या संसाराचेही तसेच आहे. शिकायला तळ हवा, राहायला खोली हवी, खोटा पासपोर्ट हवा आणि पळवलेले विमान उतरू देणारा एखादा देशही हवा. लेबनॉनच्या बेका खोऱ्यात लाल सेनेला तळ मिळाला. पॅलेस्टिनी ‘पॉप्युलर फ्रंट’ने हात दिला. १९७४ साली फ्रान्सने पकडलेला त्यांचा माणूस सोडवताना कुप्रसिद्ध कार्लोसने मदत केली. बांडगूळ हिरवेगार दिसते ते झाडाच्या रसावर. झाड वाळले, की तेही वाळते.

हे झाड हळूहळू वाळत गेले. १९७३पासून अमेरिकेत प्रत्येक विमानप्रवाशाची तपासणी सुरू झाली. १९७८ साली बॉनच्या परिषदेत सात श्रीमंत राष्ट्रांनी ठरवले, की विमान पळवणाऱ्यांना जो देश ताब्यात देणार नाही त्याची विमानसेवा तोडायची. १९९०मध्ये लेबनॉनचे यादवी युद्ध संपले. त्याच वर्षी पूर्व जर्मनीत नवी नावे घेऊन संसार थाटून बसलेले रेड आर्मी फॅक्शनचे दहा जण पकडले गेले, कारण त्यांना लपवणारे सरकारच उरले नव्हते. पुढच्या वर्षी सोव्हिएत संघ मावळला. १९९४ साली सुदानने कार्लोसला फ्रान्सच्या हवाली केले. काल ज्यांना पाहुणा म्हणून ठेवले, ते आज नकोसे झाले.

ढाक्याला सोडलेल्या सहांपैकी एक १९८८ साली मनिलात सापडला, एक १९९५मध्ये रुमानियात आणि एक १९९६मध्ये काठमांडूत. बाकीचे तिघे जपानी पोलिसांना अजूनही हवे आहेत. १९९७ साली लेबनॉनने लाल सेनेच्या पाच जणांना पकडले. गंमत पाहा, शिक्षा झाली ती खोट्या पासपोर्टांबद्दल! त्यांतील चौघांची २००० साली जपानला रवानगी झाली.

रेड आर्मी फॅक्शनने १९९८ साली एका पत्राने स्वतःचे विसर्जन जाहीर केले. फुसाको नोव्हेंबर २०००मध्ये ओसाकाजवळ पकडली गेली आणि पुढच्या एप्रिलमध्ये तिनेही तुरुंगातून लाल सेना विसर्जित केली. रणांगण नाही, शेवटची लढाई नाही. भाडेकरूने खोली रिकामी करावी, तसा हा शेवट झाला.

म्हणून दहशतवाद जगातून गेला, असे मात्र कोणी समजू नये. १९९३ आणि २००८ची मुंबई ज्यांनी पाहिली, त्यांना हे सांगायला नको. संघटना बदलल्या, घोषणा बदलल्या. पण आसऱ्याची गरज बदललेली नाही. म्हणूनच, गोळी झाडणाऱ्याइतकाच त्याला घर देणाराही जगाने ओळखला पाहिजे.

न मिळालेले घर

फुसाकोला एक मुलगी झाली. ती १९७३ साली लेबनॉनमध्ये जन्मली आणि तब्बल २८ वर्षे कोणत्याच देशाची नागरिक नव्हती. जगाला नवे घर देऊ म्हणणाऱ्या आईला पोटच्या पोरीसाठी एक देश मिळवता आला नाही. आई गजांआड गेल्यावर, २००१ साली, लेकीला जपानचे नागरिकत्व मिळाले.

२८ मे २०२२ रोजी फुसाको शिक्षा भोगून सुटली. तिचे वय तेव्हा ७६ होते आणि लेक तिच्याबरोबर होती. ज्यांची आपली ओळखही नव्हती अशा निरपराध माणसांना आपण दुखावले, असे म्हणून तिने क्षमा मागितली. त्यानंतर दोनच दिवसांनी ३० मे आला. त्या तारखेला पोर्तो रिकोत लोदच्या मृतांचे स्मरण करतात. तुरुंगाच्या दारात आईची वाट पाहणारी लेक फुसाकोला होती. त्या यात्रेकरूंच्या घरीही कोणी ना कोणी वाट पाहिलीच होती.