ताडीवाला रोडचा अल्ताफ

१२ फेब्रुवारी २०२३ च्या रात्री हिंदी ‘बिग बॉस’च्या सोळाव्या पर्वाचा निकाल लागला. शेवटी उरलेले दोघेही आपल्याच मातीतले होते, अमरावतीचा शिव ठाकरे आणि पुण्याचा रॅपर एमसी स्टॅन. करंडक स्टॅनने नेला, सोबत ३१ लाख ८० हजार रुपये आणि एक गाडी. सदाशिव पेठेने त्याचं नाव बहुधा त्याच आठवड्यात ऐकलं असेल. कॉलेजच्या पोरांना मात्र त्याची गाणी तोवर तोंडपाठ होती.

अल्ताफ शेख हे त्याचं खरं नाव, जन्म १९९९ चा. तो वाढला ताडीवाला रोडवर, पुणे स्टेशनच्या मागे, रूळ आणि नदी यांच्या मधल्या दाट वस्तीत. कोरेगाव पार्क तिथून हाकेच्या अंतरावर. पण सवाई गंधर्व महोत्सव आणि पुरुषोत्तम करंडकाचं कौतुक करणारं पुणे या गल्ल्यांत कशाला डोकावेल? पोरगा बारा वर्षांचा असताना कव्वाली गायचा. मग थोरल्या भावामुळे एमिनेम आणि फिफ्टी सेंट कानावर पडले, आणि गाडीने रूळ बदलले.

सुरुवातीची गाणी शिवराळ होती. मुंबईचा रॅपर एमीवे बंटाय याच्याशी त्याची जुंपली आणि ‘खुजा मत’ हे गाणं गाजलं. २०१९ मध्ये ‘गली बॉय’ पडद्यावर आला आणि सगळा उजेड मुंबईच्या रॅपवर पडला, तेव्हा हा गडी ‘पी-टाऊन’चा, म्हणजे पुण्याचा, झेंडा घेऊन उभा होता. ‘अस्तगफिरुल्लाह’ या गाण्यात त्याने आपल्याच जुन्या उद्योगांची कबुली दिली, आणि नाकं मुरडणारेही जरा थांबले.

माझ्या मते त्याचं खरं काम म्हणजे २०२० चा ‘तडीपार’ आणि त्यानंतरचा ‘इन्सान’ हे दोन अल्बम. मुंबईचे रॅपर शब्दांचा धडाका लावतात. स्टॅन त्याउलट ठेका संथ ठेवतो, बेस जड करतो, आवाज ऑटोट्यूनमधून काढून अर्धवट झोपेत असल्यासारखा पुटपुटतो. ठेकेही बरेचदा स्वतःच बांधतो. भाषा स्टेशनकडची, हिंदीत मराठी कालवलेली. जर्मनीत तुर्की कामगारांच्या मुलांनी नव्वदच्या दशकात अशाच मिश्र बोलीत रॅप केलं होतं. ‘कार्टेल’ हा त्यांचा गट १९९५ मध्ये गाजला. घरची एक बोली, रस्त्यावरची दुसरी, असं असलं की हे व्हायचंच. बाईविषयी स्टॅन जे बोलतो ते मात्र अनेकदा ऐकवत नाही, आणि वस्तीचं नाव पुढे करून ते खपवूनही घेऊ नये.

‘बिग बॉस’च्या घरात त्याने केलं काय? बराच काळ कंटाळला, घरी जायचं म्हणाला, ऐंशी हजारांच्या बुटांचा विषय काढला. लोकांना तेवढंच लक्षात राहिलं. अभिनय न करणं हाच त्याचा अभिनय ठरला आणि मतं धो धो पडली. लगेच शहराशहरांतून कार्यक्रम सुरू झाले. मार्च २०२३ मध्ये इंदूरला करणी सेनेने गोंधळ घालून त्यातला एक बंद पाडला. त्याच वर्षी ‘फर्रे’ या हिंदी चित्रपटासाठी तो गायला. पण ‘तडीपार’च्या तोलाचं त्यानंतर काही हाती लागलं नाही. २०२४ मध्ये तर रॅप सोडतोय असं इन्स्टाग्रामवर लिहून त्याने चाहत्यांची झोप उडवली. त्याला तेव्हा पंचविशीही लागली नव्हती.