गुन्हेवार्तेतील लोपलेले ‘मला’

हिंसक गुन्ह्यांच्या वार्ता लिहिणाऱ्या पत्रकाराच्या मनावर जो भार पडतो, त्याचा भाषेच्या अंगाने विचार करणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

सहायक पोलीस निरीक्षक अश्विनी बिद्रे २०१६ मध्ये बेपत्ता झाल्या. त्यांच्या खुनाबद्दल पनवेलच्या सत्र न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये पोलीस निरीक्षक अभय कुरुंदकर यांस जन्मठेपेची शिक्षा दिली. देहाचे तुकडे करून ते खाडीत टाकल्याचे तपासात पुढे आल्यापासून खटल्याच्या वार्तेत पार्श्वभूमी म्हणून तोच मजकूर पुन्हा पुन्हा येत राहिला. वाचकाची नजर त्यावरून ओझरती जाते. वार्ताहरास मात्र तो दर वेळी स्वहस्ते लिहावा लागतो.

अशा मजकुराचे व्याकरण लक्षणीय आहे. ‘वार करण्यात आले’, ‘मृतदेह आढळला’, ‘असे समजते’ ही त्यातील ठरीव वाक्ये. पहिल्यात कर्ता गाळण्यास सबळ कारण असते. अपराध सिद्ध होण्यापूर्वी कोणास दोषी म्हणता येत नाही. परंतु पुढील दोहोंतून निराळेच पद लोपते. मराठीत अनुभव घेणारा बहुधा चतुर्थीत येतो : मला भीती वाटते, मला आठवते, मला पाहवत नाही. ‘आढळणे’ व ‘समजणे’ यांनाही अशी चतुर्थी लागते. वार्तेत ती गळते आणि पाहणारा, ऐकणारा मनुष्य वाक्याबाहेर राहतो.

या संकेताच्या आडोशाने भीषण तपशीलही वेळेत लिहून होतो, हा त्याचा उपकारच. तथापि वाक्यातून गाळलेला अनुभव मनातून गळत नाही. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेच्या २०१३ च्या वर्गीकरणात, व्यवसायानिमित्त क्लेशकारक तपशील वारंवार समोर येणे हेही आघातोत्तर तणावविकाराच्या संभाव्य कारणांत गणले आहे. घटना प्रत्यक्ष पाहिलेली असलीच पाहिजे, अशी अट तेथे नाही. नकोशा आठवणी, झोपमोड, भावनांची बधिरता ही त्या विकाराची काही लक्षणे होत.

हा विकार भाषेमुळे जडतो असे येथे म्हणावयाचे नाही. त्यावरील उपचार हे वैद्यकाचे काम आहे. वार्तेच्या स्तंभात ‘मला’ येऊ नये, हेही योग्यच. परंतु ‘मला पाहवत नाही’ असे म्हणणे ज्या वृत्तकचेरीत दुबळेपणाचे समजले जाते, तेथे वार्ताहर ते वाक्य सहकाऱ्यांपाशीही उच्चारीत नाही; आणि ते उच्चारल्याखेरीज वैद्यकाच्या दारापर्यंत जाणेही घडत नाही. वार्तेने वगळलेल्या या ‘मला’स निदान कचेरीतील बोलण्यात तरी जागा असावयास हवी.