मूळ रिमोट चालू आहे तोवरच नोंद करून ठेवणे हिताचे; युनिव्हर्सल रिमोटच्या सॉफ्टवेअरची प्राथमिक ओळख

वातानुकूलन यंत्र उत्तम स्थितीत असते, परंतु त्याचा रिमोट पाण्यात पडतो किंवा घर बदलताना हरवतो. यंत्राच्या झाकणाआड बहुधा एकच आपत्कालीन बटण असते. त्याने यंत्र चालू-बंद होते, तापमान हवे तसे ठरवता येत नाही. कंपनीने ते मॉडेल बंद केले असेल, तर जोडीचा रिमोट मिळणेही कठीण होते. मग बाजारातून युनिव्हर्सल रिमोट आणला जातो आणि सोबतच्या माहितीपत्रकातील सांकेतिक क्रमांक एकामागून एक दाबून पाहण्यात अवघी संध्याकाळ जाते. यादीत ते मॉडेल नसले की प्रयत्न तेथेच खुंटतो.

या यादीपलीकडे जाण्याची साधने सुमारे पंचवीस वर्षांपासून उपलब्ध आहेत आणि त्यांपैकी बरीचशी विनामूल्य आहेत. मात्र त्यांचा पुरेपूर उपयोग व्हायचा असेल, तर चालू स्थितीतील मूळ रिमोट निदान काही मिनिटे तरी हाताशी असावा लागतो. म्हणून या विषयाचा आरंभ रिमोट हरवल्यानंतर नव्हे, तो शाबूत असतानाच करणे शहाणपणाचे ठरते.

बहुतेक रिमोट अवरक्त म्हणजेच इन्फ्रारेड किरणांवर चालतात. रिमोटच्या टोकाशी असलेला दिवा डोळ्यांना न दिसणारा प्रकाश फेकतो. हा प्रकाश सेकंदाला साधारण ३८ हजार वेळा लुकलुकतो, म्हणजे त्याची वाहक वारंवारता ३८ किलोहर्ट्झ असते. ही लुकलुक ठरावीक काळ चालू आणि ठरावीक काळ बंद ठेवून संदेश रचला जातो. सर्वाधिक प्रचलित अशा ‘एनईसी’ पद्धतीत आरंभी ९ मिलिसेकंदांचा स्पंद आणि ४.५ मिलिसेकंदांची शांतता असते. त्यानंतर ३२ अंश येतात : यंत्राचा पत्ता, बटणाचा क्रमांक आणि पडताळणीसाठी या दोहोंच्या उलट प्रती. दोन स्पंदांमधील शांतता आखूड असेल तर शून्य, लांब असेल तर एक. टेलिग्राफच्या कडकट्टशी नाते सांगणारीच ही रीत आहे. फिलिप्सने रूढ केलेली ‘आरसी-५’ पद्धत ३६ किलोहर्ट्झवर, तर सोनीची पद्धत ४० किलोहर्ट्झवर चालते.

पहिली तपासणी कोणत्याही सॉफ्टवेअरविना करता येते. मोबाइलचा कॅमेरा सुरू करून रिमोटचे टोक त्यासमोर धरावे आणि बटण दाबावे. पडद्यावर जांभळट-पांढरा ठिपका लुकलुकताना दिसला, तर रिमोट अवरक्त किरणांचा आहे आणि त्याचा दिवा जिवंत आहे. अनेक मोबाइलच्या मागील कॅमेऱ्यावर अवरक्त किरण अडवणारी गाळणी असते, त्यामुळे ही चाचणी पुढील कॅमेऱ्याने घेणे बरे. ठिपका दिसला नाही आणि बॅटरी ठीक असेल, तर तो रिमोट ब्लूटूथ किंवा रेडिओ लहरींवर चालणारा असू शकतो. त्याच्यासाठी पुढील साधनांचा उपयोग नाही.

संकेत नोंदवण्यासाठी तीन पायांचा एक अवरक्त ग्राहक आणि एक छोटा नियंत्रक फलक पुरतो. अर्डुइनो आणि ‘ईएसपी-८२६६’ हे फलक मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, दिल्लीच्या लजपतराय मार्केटमध्ये, बेंगळुरूच्या एस. पी. रोडवर किंवा चेन्नईच्या रिची स्ट्रीटवर सहज मिळतात. ग्राहक घेताना मात्र सावध राहावे. ‘टीएसओपी-१७३८’ हा जुना आणि ‘टीएसओपी-३८२३८’ हा नवा ग्राहक दिसायला सारखेच असले, तरी त्यांच्या पायांचा क्रम वेगळा आहे. जुन्यात पहिला पाय ऋण जोडणीचा, दुसरा विद्युतपुरवठ्याचा आणि तिसरा संकेताचा असतो. नव्यात संकेत पहिल्या पायावर, ऋण जोडणी दुसऱ्यावर आणि पुरवठा तिसऱ्यावर येतो. उलट जोडणी झाल्यास ग्राहक जळू शकतो. शिवाय जुना ग्राहक ५ व्होल्टसाठी बनवलेला आहे, तर ईएसपी-८२६६ हा फलक ३.३ व्होल्टवर काम करतो. या फलकासाठी नवा ग्राहकच योग्य.

या फलकासाठी ‘आयआर-रिमोट-ईएसपी-८२६६’ हा खुला प्रोग्रामसंग्रह उपलब्ध आहे. त्यातील नोंद घेणारा नमुना प्रोग्राम फलकावर चढवून मूळ रिमोटचे बटण ग्राहकासमोर दाबले की, संगणकाच्या पडद्यावर पद्धतीचे नाव, सांकेतिक अंक आणि प्रत्येक स्पंदाची लांबी उमटते. लिनक्स वापरणाऱ्यांसाठी ‘लर्क’ ही जुनी प्रणाली आहे. अलीकडच्या लिनक्समध्ये ‘आयआर-सीटीएल’ हे त्याहून सोपे साधन मिळते आणि ते रास्पबेरी पायवरही चालते. नोंदींची उकल करून त्या एका साच्यातून दुसऱ्या साच्यात नेण्यासाठी ‘आयआर स्क्रुटिनायझर’ हा विनामूल्य प्रोग्राम उपयोगी पडतो. या क्षेत्रात ‘प्रॉन्टो हेक्स’ नावाचा साचा वारंवार भेटतो. फिलिप्सच्या प्रॉन्टो रिमोटवरून त्याला हे नाव मिळाले. नोंदीच्या आरंभी ‘०००० ००६डी’ असे दिसले, की ती ३८ किलोहर्ट्झची आहे हे जाणकार ओळखतात.

नवशिक्याची खरी फसगत याच्या पुढच्या टप्प्यावर होते. स्पंदांची लांबी जशीच्या तशी नोंदवून परत फेकली की काम झाले, असा समज असतो. एनईसी पद्धतीच्या टीव्हीबाबत तो बहुधा खराही ठरतो. परंतु आरसी-५ पद्धतीत बटण नव्याने दाबताच एक अंश पालटतो. बटण दाबून धरले आहे की पुन्हा दाबले आहे, हे टीव्हीला त्यावरून कळते. जशीच्या तशी घेतलेली नोंद तोच अंश दर वेळी पाठवते. त्यामुळे पहिल्यांदा वाहिनी बदलते आणि दुसऱ्यांदा टीव्ही ढिम्म राहतो. सोनीची बहुतेक उपकरणे तर एकच संदेश लागोपाठ तीनदा आल्याखेरीज दाद देत नाहीत. भरीस भर म्हणजे तीन पायांचा ग्राहक मूळ लुकलुक गाळून टाकतो. संकेत ३६ किलोहर्ट्झचा होता की ४० चा, हे नोंदीत उरतच नाही. म्हणून केवळ नोंद न घेता तिची पद्धत ओळखणारे सॉफ्टवेअर निवडावे. पद्धत कळली की वारंवारता, पुनरावृत्ती आणि पालटणारा अंश या तिन्ही गोष्टी आपोआप जुळतात.

वातानुकूलन यंत्राची तऱ्हा आणखी निराळी. टीव्हीचा रिमोट ‘आवाज वाढव’ एवढेच सांगतो. वातानुकूलन यंत्राचा रिमोट प्रत्येक वेळी सगळी स्थिती कळवतो : यंत्र चालू की बंद, तापमान किती, पंख्याचा वेग काय, झडपा हलत्या की स्थिर. शेवटी बेरजेची पडताळणीही असते. ‘तापमान वाढव’ या बटणाची नोंद घेतली, तर प्रत्यक्षात ‘२५ अंश, थंड, पंखा मध्यम’ असा पूर्ण हुकूम नोंदला जातो. तो दहादा पाठवला तरी तापमान २५ वरच राहते. येथे पद्धत जाणणारा प्रोग्रामसंग्रहच खरा कामाचा. वर उल्लेखलेल्या संग्रहात डायकिन, एलजी, सॅमसंग, पॅनासोनिक यांच्याबरोबरच व्होल्टास या भारतीय कंपनीच्या यंत्रांची पद्धतही आहे. आपल्या यंत्राची पद्धत त्यात नसेल, तर नित्य लागणाऱ्या चार-पाच स्थिती स्वतंत्रपणे नोंदवून ठेवाव्यात : २४ अंश, २६ अंश, रात्रीसाठी मंद पंखा आणि बंद. घरातील वृद्ध व्यक्तीसाठी एवढी बटणे पुष्कळ होतात. किंबहुना मूळ रिमोटवरील वीस बटणांपेक्षा तीच अधिक सोयीची.

तयार युनिव्हर्सल रिमोट संगणकाला जोडून त्यात हवा तो बदल करण्याचा मार्गही आहे. अमेरिका व युरोपात ‘वन फॉर ऑल’ या नावाने विकल्या गेलेल्या अनेक रिमोटमध्ये बॅटरीच्या कप्प्यात सहा खिळ्यांची जोडणी असते. मूळ मुद्रित फलकावरील खुणेवरून तिला ‘जेपी-१’ म्हणतात. हौशी तंत्रज्ञांनी तिच्यातून रिमोटची स्मृती वाचण्याची युक्ती शोधली आणि त्यातून ‘रिमोट मास्टर’ हे विनामूल्य सॉफ्टवेअर घडले. विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिन्हींवर ते चालते. यादीत नसलेल्या यंत्राची पद्धत रिमोटमध्ये भरणे, बटणांची अदलाबदल करणे आणि एका बटणावर अनेक आज्ञांची साखळी बांधणे ही कामे त्यात होतात. आरंभ करणाऱ्याने कोणताही बदल करण्यापूर्वी रिमोटची मूळ स्मृती संगणकावर उतरवून वेगळी ठेवावी; बिघाड झाल्यास तीच परत चढवता येते.

मोबाइलवरील रिमोट-ॲप या सर्वांहून सोपे वाटते आणि भारतात विकल्या जाणाऱ्या काही मोबाइलमध्ये अवरक्त दिवाही असतो. ॲण्ड्रॉइडमध्ये २०१३ पासून त्याची सोय आहे, पण ती केवळ संकेत पाठवण्याची. सोय संकेत ग्रहण करण्याची नसल्याने असे ॲप तयार यादीवर विसंबते, आणि यादी कंपनीच्या हाती असते. लॉजिटेक कंपनीचे ‘हार्मनी’ रिमोट या प्रकारातील सर्वांत नावाजलेले होते. त्यांची रचना कंपनीच्या खात्यातून करावी लागे. एप्रिल २०२१ मध्ये कंपनीने त्यांचे उत्पादन थांबवल्याचे जाहीर केले. विकलेल्या रिमोटना सेवा सुरू ठेवण्याचे आश्वासन तिने दिले. तरी सेवा किती काळ चालावी, हे ग्राहकाच्या हाती राहिले नाही.

स्वतः घेतलेल्या नोंदी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये राहतात आणि त्यांना अगदी थोडी जागा लागते. फाइलच्या नावात यंत्राची कंपनी व मॉडेल क्रमांक आणि प्रत्येक नोंदीपुढे बटणाचे नाव किंवा यंत्राची स्थिती लिहावी. नुसत्या अंकांवरून सहा महिन्यांनी काहीच उमगत नाही. नोंद झाल्यावर ती मूळ यंत्रावर एकदा पाठवून पाहावी आणि चूक आढळल्यास तत्काळ पुन्हा घ्यावी, कारण तेव्हा रिमोट हाताशीच असतो.